सगळे पाहण्याचा हव्यास

कॅमेरा घ्यायला गेले की दुकानदार आधी मेगापिक्सेलचा आकडा सांगतो आणि आपणही, आकडा मोठा म्हणजे नजर तीक्ष्ण, असे धरून चालतो. मला हा समजच तपासून पाहावासा वाटतो. समोरची वस्तू किती लांब आहे हे यंत्राला झटकन कळायला हवे असते, तेव्हा नको तितके पाहणेच त्याच्या आड येते.

अंतर मोजण्याची एक रीत जुनीच आहे. एका बाजूने लेझरची रेघ वस्तूवरून फिरवायची, दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याने ती टिपायची. दोन कोन आणि मधले अंतर माहीत असले की त्रिकोण सुटतो. शाळेतल्या भूमितीपलीकडे त्यात काही नाही. अडचण आहे ती वेगाची. रेघेच्या प्रत्येक जागेसाठी वेगळे चित्र लागते. जागा 600 आणि चित्रे सेकंदाला 30, म्हणजे 20 सेकंद गेले! मूर्ती तेवढा वेळ स्थिर राहील. यंत्रमानवाशेजारी राबणाऱ्या कामगाराचा हात कसा राहील?

इव्हेंट कॅमेरा असे चित्र काढतच नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल एरवी गप्प असतो. आपल्यावरचा प्रकाश बदलला तरच, मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने वेळ सांगून, बोलतो. त्या क्षणी लेझर कुठे होता हे ठाऊक असतेच. वेळेवरून लेझरचा कोन कळतो, पिक्सेलवरून कॅमेऱ्याचा. त्रिकोण तोच, थांबणे तेवढे संपले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये ही जोडी जमवून दाखवली. झुरिच विद्यापीठातील गटाने 2021 मध्ये सेकंदाला 60 वेळा दृश्य पिंजून काढणारा लेझर वापरून ती पुढे नेली.

झुरिचमध्येच घडलेल्या, 2008 सालच्या अशा कॅमेऱ्यात पिक्सेल होते 128 गुणिले 128, म्हणजे जेमतेम सोळा हजार! त्याची मुळे मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी कॅलिफोर्नियात घडवलेल्या सिलिकॉनच्या दृष्टिपटलात आहेत. डोळा मेंदूला नेमके काय कळवतो, हे त्यांना समजून घ्यायचे होते.

ही काही जादू नव्हे. कडक उन्हात लेझर फिका पडतो, चकचकीत पत्रा त्याला भलतीकडेच उडवतो. तरीही माझे म्हणणे एवढेच, की मोठ्या आकड्यांच्या मागे धावण्याआधी यंत्राला नेमके काय कळायला हवे, हे ठरवावे. कामगाराचा हात वाचायचा असेल, तर तो किती सुबक दिसला यापेक्षा तो कधी हलला आणि किती जवळ आला, हे कळणे मोलाचे आहे.