किती गळाले ते सांगा की!

मंडळी, सॅस हे संख्याशास्त्राचं जुनंजाणतं सॉफ्टवेअर. त्यात 'प्रॉक रेग' चालवलं की चार तक्ते येतात (आलेख वेगळेच). 'ओडीएस सिलेक्ट पॅरामीटरएस्टिमेट्स' एवढं लिहिलं की फक्त सहगुणकांचा तक्ता छापला जातो. सुटसुटीत, साहेबांना आवडेल असा!

माझा राग त्या ओळीवर नाही, ती डोळे मिटून वापरण्यावर आहे. या झाडलोटीत 'एनऑब्ज' नावाचा चिमुकला तक्ताही जातो. किती नोंदी वाचल्या आणि किती वापरल्या, एवढंच तो सांगतो बिचारा. पण मॉडेलमधला एक रकाना जरी रिकामा असला तरी सॅस ती अख्खी नोंद वगळतं. समजा, १००० माणसांपैकी ६०० च उरली, तरी सहगुणक तितक्याच रुबाबात छापून येतात. सर्वेक्षणात आपलं उत्पन्न न सांगणारे कोण असतात, हे का मी सांगायला हवं?

"जास्त तक्ते दिले की लोक गोंधळतात हो!" गोंधळू देत की! 'आर' निदान सारांशाच्या तळाशी सांगतं, इतक्या नोंदी गळाल्या म्हणून. (न विचारता तारे लावतं, ते भांडण वेगळं.) त्या सिलेक्टच्या ओळीत 'एनऑब्ज' हा एक शब्द वाढवायला तुमचं काय जातं?