ॲनिमे पाहून झाला, आता मंगा वाचायचा का? आणि वाचायचा तर कुठून?

'डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल' १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात जपानीसोबत हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगूतही लागला. तीन चित्रपटांपैकी हा पहिलाच, म्हणजे १५५ मिनिटं बसूनही गोष्ट अर्धवटच. पण कोयोहारु गोटोगे यांचा मूळ मंगा मे २०२० मध्येच संपलाय. शेवट माहीत असलेले लोक तुमच्या फीडवर आहेत, आणि ते सगळेच गप्प बसणारे नाहीत. मग थांबायचं, की सरळ वाचून टाकायचं?

उत्तर सीरिजगणिक बदलतं. 'डीमन स्लेअर'मध्ये युफोटेबल स्टुडिओने मूळ कथेला फारसा धक्का लावलेला नाही. त्यामुळे २३ पैकी साधारण पहिले १७ खंड तुम्हाला ओळखीचेच वाटतील. अकाझाची लढाई अठराव्या खंडात संपते, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल. एक मात्र आधीच सांगते: तुम्ही ही सीरिज मारामारीच्या दृश्यांसाठी पाहत असाल, तर काळीपांढरी पानं थोडी फिकी वाटू शकतात. उलट चित्रपटात अकाझाचा भूतकाळ लांबला असं वाटलं असेल, तर मंगात तोच भाग जास्त भिडेल. कुठे रेंगाळायचं आणि कुठे पान उलटायचं, हे वाचताना तुमच्या हातात असतं.

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'ची गोष्ट अगदी उलटी. पहिला सीझन सुंदर होता. २०२१ च्या दुसऱ्या सीझनने 'गोल्डी पाँड' हा अख्खा टप्पाच गाळला आणि शेवट तर स्थिरचित्रं दाखवून उरकला. इथे मंगा वाचणं म्हणजे उजळणी नाही, ती गोष्ट तुम्ही अजून पाहिलेलीच नाही. पाचव्या खंडापासून सुरू करा आणि दुसरा सीझन विसरून जा.

'अटॅक ऑन टायटन'चा गुंता वेगळा आहे. मंगा एप्रिल २०२१ मध्ये संपला आणि त्याच्या शेवटावरून चाहत्यांत मोठा वाद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲनिमेचा शेवट आला, तेव्हा एरेन आणि आर्मिनमधला संवाद बदललेला होता, आणि तो बदल खुद्द लेखक हाजिमे इसायामा यांच्या सहभागाने झाला होता. म्हणजे ॲनिमेनंतर हा मंगा वाचणारा लेखकाचा आधीचा खर्डा वाचत असतो. माझ्या मते तरीही वाचावा. काय बदललं आणि का, हे शोधण्यात वेगळी मजा आहे.

असे फरक पडतात कारण ॲनिमे बहुतेकदा मंगा चालू असतानाच बनतो. 'फुलमेटल अल्केमिस्ट'च्या २००३ च्या ॲनिमेला मूळ कथा अपुरी असल्याने स्वतःची वाट काढावी लागली. मूळ कथेला धरून चालणारा 'ब्रदरहूड' २००९ मध्ये आला. शिवाय पैसा घालणाऱ्या समितीत अनेकदा मंगाचा प्रकाशकही असतो. त्याच्यासाठी ॲनिमे ही पुस्तकाची जाहिरातच असते, अर्धवट सोडली तरी खपणारी.

वाचायचं कुठे? शुएशा या प्रकाशकाचं 'मंगा प्लस' भारतात चालतं. तिथे अनेक मालिकांचे सुरुवातीचे आणि अगदी ताजे भाग मोफत मिळतात, पण मधल्या भागांसाठी सगळ्याच मालिकांत ती सोय नाही. 'व्हिझ'चं 'शोनेन जंप' ॲपही आहे. हिंदी डबवर वाढलेल्यांना मात्र इंग्रजीची तयारी ठेवावी लागेल. आणि पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येईल.