परदेशी खरेदी आणि बँकेचे अदृश्य शुल्क

घरबसल्या इंटरनेटवरून परदेशी वस्तू मागवणे आज सोपे झाले आहे. तिची खरी किंमत मात्र पुष्कळदा कार्डाचे बिल हाती आल्यावरच उमगते. आपल्याकडील अनेक बँका परकीय चलनातील व्यवहारावर साधारणतः २ ते ३.५ टक्के अधिभार लावतात व त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्के दराने १०० डॉलरच्या खरेदीवर ४ डॉलर १३ सेंट जादा जातात. परदेशी परीक्षेचे शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम क्षुल्लक नसते.

युरोपीय संघाने २००१ साली नियम करून युरोतील सीमापार देयकांचे शुल्क देशांतर्गत देयकांइतकेच ठेवण्यास बँकांना भाग पाडले. २०१९ च्या दुरुस्तीने कार्डावरील चलनबदलाचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी तुलना करून टक्केवारीत जाहीर करण्याचे बंधन घातले.

चलन बदलण्यास खर्च येतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु पैसे भरण्यापूर्वीच तो रुपयांत दाखवला जावा, ही अपेक्षा रास्त आहे. तोवर आपल्या कार्डाचा अधिभार बँकेला आधी विचारून घेणे, हेच शहाणपणाचे.