मंत्राचा वारसा

वऱ्हाडात पेरण्या सुरू झाल्या की साप चावल्याच्या बातम्याही सुरू होतात. नांदगाव पेठेहून अमरावतीचे सरकारी इस्पितळ काही लांब नाही, तरी कुणीतरी म्हणतेच, "आधी मंत्र टाकून घ्या." मंत्र टाकणाऱ्याला तो बापाने दिलेला असतो, बापाला आज्याने. ग्रहणात तो जागवायचा, पैसा घ्यायचा नाही, दुसऱ्याला सांगायचा नाही. लेकीला तर नाहीच. ती परक्या घरी जाणार ना!

हा वारसा टिकतो कसा? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशातही दरवेळी विष उतरतेच असे नाही. जो वाचला तो मंत्राच्या खात्यावर जमा; जो गेला त्याच्यापुढे शेरा, "उशिरा आणला." बँकेत अशी खतावणी एक दिवस चालली नसती. इथे ती तीन पिढ्या चालते.

लेकीच्या वाट्याला येते ते निराळेच. आई डाकीण ठरली की मुलीकडेही लोक त्याच नजरेने पाहतात. मुलाला विद्या, मुलीला आळ! डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी करते म्हणून कुणाला छळणे त्याने गुन्हा ठरवले. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणेही. मंत्र येतो त्याने तो गाडीत बसून म्हणावा. गाडी मात्र आधी अमरावतीकडे निघालेली असावी. प्रतिविषाची लस तिथे आहे.