माळ्यावरचे विमान

वयात येणाऱ्या मुलाविषयी पाहुण्यांनी विचारले, की आपल्याकडे देण्याजोगी उत्तरे दोनच असतात. मुलगा शिकतो आहे, नाही तर धंद्याला लागला आहे. यापलीकडे त्याचा जो वेळ जातो, त्याला 'नसते उद्योग' असे नाव देऊन आपण मोकळे होतो. आमच्या दोंडाईच्यात एका परिचिताच्या घरी सध्या असाच एक नसता उद्योग चालू आहे आणि त्यावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत.

वडिलांची मिरचीची आडत. मुलगा अकरावीत. घराच्या माळ्यावर, एका जुन्या संगणकापुढे, त्याने विमानाचे कॉकपिट उभे करायला घेतले आहे. संगणकावर विमान उडवण्याचा खेळ आता नवा राहिलेला नाही. ब्रूस आर्टविक यांनी तो 1980 च्या सुमारास छोट्या घरगुती संगणकासाठी तयार केला आणि 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने बाजारात आणला. कळफलकावरची बटणे दाबूनही हे विमान उडते. पण खऱ्या वैमानिकाच्या हातात दांडा असतो आणि पायांखाली पट्ट्या असतात. तशा वस्तू तयार मिळतात. मात्र चांगल्या संचाला जुन्या मोटारसायकलीइतके पैसे पडतात. तेवढे मिळणार नाहीत हे ओळखून मुलाने भंगारवाल्याशी मैत्री केली. आजी माळ्याच्या शिडीशी उभी राहून रोज विचारते, ''हाई काय शे रे भाऊ?'' आणि वडील खालूनच उत्तर देतात, ''काही नाही, बारावीचं वाटोळं.''

मी माळ्यावर जाऊन पाहिले. सेस्ना 172 या लहान विमानात इंजिनाचा वेग वाढवण्यासाठी एक दट्ट्या आत ढकलावा लागतो. शेजारचा लाल दट्ट्या पूर्ण बाहेर ओढला, की इंधन तुटते आणि इंजिन बंद पडते. मुलाने त्या जागी जुन्या ट्रॅक्टरचा इंजिन बंद करण्याचा दट्ट्या बसवला आहे. ट्रॅक्टरमध्येही तो ओढला, की डिझेलच तुटते. म्हणजे सेस्नातली ही युक्ती आमच्या शिवारात कित्येक वर्षे रोज संध्याकाळी वापरली जात होती. फक्त तिच्याकडे त्या नजरेने कोणी पाहिले नव्हते. पायांच्या पट्ट्या टेबलाच्या खणाला असतात तसल्या सरकपट्ट्यांवर पुढे-मागे होतात. दांड्याचा कणा प्लास्टिकच्या पाइपचा आहे.

खरी गंमत दांड्याच्या मुळाशी आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचे जे बटण असते, तसलेच एक तिथे बसवलेले आहे. दांडा हलला की बटण फिरते, त्यातून येणारा विजेचा दाब बदलतो आणि हाताच्या पंजात मावेल एवढी एक पाटी तो मोजून संगणकाला कळवते. ही पाटी शून्य ते पाच व्होल्टच्या दाबाचे 1024 भाग करते. पहिल्या वेळी मुलाने खरोखरच रेडिओतले बटण काढून लावले आणि विमान वेड्यासारखे वागू लागले. दांडा एका बाजूला कितीही हलवा, विमान ढिम्म; दुसऱ्या बाजूला जरा हात लागला, की गिरकी. चार दिवसांनी त्याला कारण सापडले. आपला कान आवाजातली वाढ सरळ रेषेत मोजत नाही, म्हणून रेडिओचे बटण मुद्दामच असमान बनवलेले असते. दांड्याला हवे ते समान चालीचे.

समान चालीचे बटण आणले, तर दुसरी अडचण. असे बटण पाऊण फेरा फिरते आणि दांडा फिरतो जेमतेम पाव फेरा. म्हणजे 1024 पायऱ्यांपैकी दोन तृतीयांश वायाच. मग बिघडलेल्या प्रिंटरमधली दोन दातेरी चाके आली, एकाचे दात दुसऱ्याच्या तिप्पट. एप्रिलमध्ये आमच्याकडची धूळ बटणात शिरली आणि सरळ चाललेले विमान थरथरू लागले. आता तो चुंबक आणि चुंबकाचा जोर ओळखणारा तुकडा लावायच्या विचारात आहे, कारण त्यात काही घासतच नाही. हे सगळे मला समजावताना, ''आबा, इथं बघा,'' असे म्हणत त्याने त्रैराशिक मांडले, आलेख काढला, विजेचे नियम सांगितले. त्याच्या पुस्तकात हे सारे आहे आणि तरीही याच विषयात त्याला चाचणीत बेताचे गुण आहेत, हे वडिलांनी मला नंतर आवर्जून सांगितले.

या उद्योगाची कुळकथा पाहिली, तर वडिलांचा राग थोडा निवळावा. वैमानिकांच्या शिक्षणाचे पहिले गाजलेले जमिनीवरचे यंत्र एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने 1929 मध्ये बनवले. विमान शिकणे खर्चाचे होते आणि वडिलांचा कारखाना होता पियानो आणि ऑर्गनचा. आपल्या बाजाच्या पेटीला असतो त्या जातीचे भाते आणि हवेचे पंप घेऊन त्याने डुलणारे विमान उभे केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांत विकले गेले. 1934 मध्ये टपाल वाहून नेताना खराब हवेत अमेरिकी लष्कराचे वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख माणसे अशा यंत्रांवर तयार झाली.

इतके लांब जायलाही नको. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. परवानग्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. अखेर 2020 च्या ऑगस्टमध्ये त्या विमानाची उड्डाण चाचणी झाली, ती आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. दोंडाईच्याहून एसटीने जाऊन येता येते, एवढ्या अंतरावर.

परंतु यावरून माळ्यावरचा मुलगा वैमानिक होणार, असे कोणी मानू नये. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या यंत्रावरचा एक तासही त्यात धरत नाहीत. सरकारी मान्यतेची यंत्रे वेगळी असतात. शिक्षणाचा खर्च आज चाळीस लाखांच्या पुढे आहे. मी बँकेत आयुष्य काढले. मुलाच्या एका स्वप्नासाठी सातबारा घेऊन समोर बसलेले बाप मी पाहिले आहेत आणि पुढे हप्ते थकल्यावर त्यांचे पडलेले चेहरेही पाहिले आहेत. तेव्हा छंदाला धंद्याचे आश्वासन चिकटवणे हा मुलावर आणि बापावर सारखाच अन्याय आहे.

मग उपयोग काय? कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' आणि 'तारण' असे दोन रकाने असत. ते कोरे असले, की मी अर्ज परत करीत असे. बँकेत ते योग्यच होते. पण घर म्हणजे बँक नव्हे. माळ्यावरच्या मुलाने आतापर्यंत जो खर्च केला, तो लग्नातल्या एका आहेराएवढा असेल. त्या पैशात तो एक गोष्ट शिकला, जी कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. यंत्र रागावत नाही, लाडही करत नाही. मोजमाप चुकले की चालत नाही आणि चूक शोधली की चालते. पोराने चार दिवस न कंटाळता एक चूक शोधावी, असे दुसरे काय आपण त्याला आजवर दिले आहे? तयार संच आणून दिला असता, तर तो आठवडाभर उडवून कंटाळला असता.

वडिलांची बारावीची काळजी खोटी नाही. पुढचे वर्ष महत्त्वाचे आहे. म्हणून मी त्यांना एवढेच सुचवले, की वेळ ठरवून द्या; आठवड्याचे चार तास द्या, हवे तर रविवारचेच द्या, पण माळा रिकामा करू नका. परीक्षा झाली की पुन्हा मांडू, असे आपण म्हणतो खरे. भंगारात गेलेल्या वस्तू आणि विझलेले कुतूहल मात्र सहसा परत येत नाही. वडिलांनी अजून हो म्हटलेले नाही. पण भंगारवाला दारावर आला होता, तेव्हा माळ्यावरचे सामान त्यांनी त्याला दाखवलेही नाही, असे आजीने मला सांगितले.