चित्रातली लगोरी

भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील बालपण रंगवणारे चित्रपुस्तक नातवंडासाठी आणलेत, तर विस्मरणाने ग्रासलेल्या आजींनाही त्या वाचनात सामील करून घ्या. काश्मीरच्या पानावरील कांगडी पाहून त्या कदाचित गप्पच राहतील. राजस्थानातील सतोलिया दिसताच मात्र ‘ही तर आमची लगोरी!’ असे शब्द फुटू शकतात. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात. ‘ओळखा पाहू’ असे विचारू नका. ती परीक्षा ठरते, आणि उत्तर न सुचल्यास त्या पुस्तकच मिटतील. त्यापेक्षा नातवाला विचारू द्या : ‘आजी, लगोरी कशाची रचायचीस, खापऱ्यांची की दगडांची?’ गावाचे नाव चुकले, तरी दुरुस्त करू नये. डोळे भरून आलेच, तर पान उलटण्याची घाई नको.