तोंडी परीक्षेचे वीस गुण कोणाच्या मर्जीवर?

दहावीच्या भाषा विषयात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेच्या हातातले. या वीस गुणांवर आपल्या चळवळीत फारसं कुणी बोलत नाही. आम्हाला वाटतं, बोललं पाहिजे.

२०१९ च्या परीक्षेत हे गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि गुण परत आले. शाळा गुणांची खैरात वाटतात का, अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची मुलं पुढे जातात का, यावर भरपूर चर्चा झाली. पण हे गुण नेमके कशाचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला मराठीच्या तोंडीत वीसपैकी अकरा मिळाले. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. विचारायला गेलो तर दोन कारणं मिळाली. एक, "बोलणं शुद्ध नाही." दुसरं, "वर्गात असते कुठे?"

आई रोजंदारीवर जाते तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी थांबते, म्हणून ती वर्गात नसते. हजेरीसाठी ७५ टक्क्यांची वेगळी अट आहेच. मग त्याच गैरहजेरीची शिक्षा भाषेच्या गुणांत पुन्हा का? एका गोष्टीसाठी दोनदा दंड हा कुठला न्याय? आजारपणाला डॉक्टरांचा दाखला मिळतो. आईच्या रोजंदारीचा दाखला कोण देणार?

आणि शुद्ध म्हणजे काय? ती घरी बोलते ती मराठीच आहे. प्रमाण भाषा शिकवणं हे शाळेचं काम. न शिकवता तिच्या घरच्या बोलीचे गुण कापणं म्हणजे जन्माचे गुण कापणं.

भाषेच्या वर्गाच्या दारात जात उभी असते, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते नाकारलं गेलं, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. त्या आकड्यावरून त्यांची लायकी ठरवणारे आज कुठे आहेत? संस्कृत तर ते पुढे स्वतःच शिकले.

वीस गुण रद्द करा, असं आमचं म्हणणं नाही. आपल्याच अनेक पोरांना त्यांनी तारलं आहे, हे आम्ही नाकारत नाही. भाषा बोलायची गोष्ट आहे, ती बोलण्यातूनही तपासली पाहिजे. पण मर्जीने मिळालेले गुण मर्जीने जातातही. म्हणून मागणी हक्काची हवी:

१. कशाला किती गुण, हे वर्षाच्या सुरुवातीला लेखी सांगा.
२. गैरहजेरीचा हिशेब हजेरीपटावर करा, भाषेच्या गुणांत नको.
३. तोंडीचे गुण मुलांना दाखवा, हरकतीची संधी द्या.
४. सतत गैरहजर मुलाला शिक्षा करण्याआधी त्याच्या घरी जा.

मित्रहो, जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. यंदा वस्तीतल्या दहावीच्या प्रत्येक पोराला एवढंच विचारा: तुझे वीस गुण कसे ठरतात, तुला माहीत आहे का? उत्तर "नाही" आलं, तर पालकांना सोबत घ्या आणि शाळेत जा. शिका म्हणताना संघटित व्हा हेही बाबासाहेबांनी सांगितलं आहे.

जय भीम!